मन, वर्तन, नाती आणि सुख : प्रस्तावना

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर एक जागा अशी असते, जिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. दृष्टिनाडी डोळ्यातून बाहेर पडते ती तिथून. त्यामुळे प्रत्येक डोळ्यासमोरच्या दृश्यात कायमचे एक भोक असते, आणि तरी ते कुणाला कधी जाणवत नाही. रेघी वहीच्या पानावर एक फुली काढावी, तिच्या उजवीकडे त्याच रेघेवर सुमारे ८ सेंटिमीटर अंतरावर ठसठशीत ठिपका द्यावा, डावा डोळा मिटावा आणि उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे पाहत वही हळूहळू पुढे-मागे करावी. वही डोळ्यापासून ३० सेंटिमीटरच्या आसपास आली की ठिपका नाहीसा होतो. तो गेला, एवढ्यावर हा प्रयोग संपत नाही. ठिपक्याच्या जागी काळा डाग किंवा पोकळी दिसत नाही. तिथे कोरा कागद दिसतो आणि वहीची रेघही अखंड दिसते. त्या जागेवरून डोळ्याला काहीच कळलेले नसते. आजूबाजूला जे आहे त्यावरून मेंदूने ती रेघ स्वतःच ओढलेली असते.

मेंदूची ही डागडुजी फक्त डोळ्यापुरती नाही. मनाचे सगळेच कामकाज या रीतीने चालते. इंद्रियांकडून येणारी माहिती तुटक, अपुरी आणि पुष्कळदा संदिग्ध असते. पूर्वीचा अनुभव, त्या वेळची गरज आणि पुढची अपेक्षा यांच्या आधाराने मन तिचा अर्थ लावते, आणि तो अर्थच माणसाला समोरचे जग म्हणून दिसतो. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्त्झ यांनी १८६०च्या दशकात याला नकळत केलेले अनुमान म्हटले होते. मेंदू सतत अंदाज बांधतो आणि अंदाज चुकला की तो दुरुस्त करतो, हा आजच्या मेंदूविज्ञानातला महत्त्वाचा विचार त्याच वाटेने पुढे आलेला आहे.

प्रस्तुत पुस्तकाच्या विषयाला चार पदर आहेत : अनुभव, वर्तन, नाती आणि सुख. पाठ्यपुस्तकांत ही चार वेगळी प्रकरणे असतात आणि बहुधा चार वेगळे तज्ज्ञ ती शिकवतात. इथे ती एकत्र आणली आहेत, कारण चारही ठिकाणी मन एकच गोष्ट करत असते. समोर काय आहे, आता काय करावे, दुसऱ्याच्या मनात काय आहे आणि उद्या कशाने बरे वाटेल, या चारही प्रश्नांवर ते अपुऱ्या पुराव्यावरून अंदाज बांधते आणि तो अंदाज म्हणजेच वस्तुस्थिती असे धरून चालते. अंदाज शिकलेले असतात, म्हणून ते बदलताही येतात. मात्र केवळ इच्छेच्या जोरावर ते बदलत नाहीत, आणि परिस्थिती होती तशीच राहिली तर फार बदलत नाहीत. हे दुसरे म्हणणे मराठीतल्या लोकप्रिय पुस्तकांत फारसे वाचायला मिळत नाही. या पुस्तकात त्यावर विशेष भर आहे.

अंदाज शिकावे लागतात याचा एक ठळक पुरावा भारतातून मिळाला. विल्यम मॉलिन्यू या आयरिश विचारवंताने १६८८ साली जॉन लॉक यांच्यापुढे एक प्रश्न ठेवला होता. जन्मांध माणूस हाताने चाचपून घन आणि गोल ओळखतो. त्याला एकाएकी दृष्टी आली, तर हात न लावता नुसते पाहून यांतला घन कोणता आणि गोल कोणता, हे तो सांगू शकेल का? यावर तीनशे वर्षे वाद चालला. पुढे अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतले पवन सिन्हा यांनी भारतात 'प्रोजेक्ट प्रकाश' सुरू केला. जन्मजात मोतीबिंदूसारख्या कारणांनी आंधळी राहिलेली, वेळेवर उपचार न मिळालेली मुले शोधून त्यांच्यावर शस्त्रक्रिया करायची आणि ती पाहायला कशी शिकतात याचा अभ्यास करायचा, असा हा उपक्रम. त्यातला एक निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेच आधी एक वस्तू हातात दिली आणि मग समोरच्या दोन वस्तूंतून ती डोळ्यांनी ओळखायला सांगितली. मुलांची उत्तरे जवळजवळ नाणेफेकीसारखी निघाली. म्हणजे मॉलिन्यूच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे होते. पण थोड्याच दिवसांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा ओळखण्यात मोठी सुधारणा झाली होती. याच उपक्रमातले आणखी एक निरीक्षण असे की, एकमेकांवर अर्धवट आलेल्या आकृत्या या मुलांना सुरुवातीला दोन आकृत्या म्हणून दिसत नसत, त्यांचे तुकडे तुकडे दिसत. आकृती हलवून दाखवली की ती एकसंध होई. पाहणे ही केवळ डोळ्याची करामत नव्हे, जगाशी झालेल्या व्यवहारातून ते घडते, हे याहून स्पष्टपणे क्वचितच दाखवता आले असेल.

मनाविषयीचा पद्धतशीर विचार भारतात फार जुना आहे. सांख्यांनी मन, बुद्धी आणि अहंकार असे अंतःकरणाचे तीन भाग मानले. पातंजल योगसूत्रांत चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या आहेत : प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती. बौद्ध अभिधम्मात मनाच्या क्षणोक्षणीच्या अवस्थांचे जे बारीक वर्गीकरण आहे, त्याला प्राचीन जगात तोड सापडणे कठीण. प्रस्तुत विषयाच्या सर्वांत जवळ जाते ती मात्र भ्रमाविषयीची चर्चा. अंधारात दोरीच्या जागी साप का दिसतो? नैयायिकांचे उत्तर असे की, पूर्वी दुसरीकडे पाहिलेल्या सापाची स्मृती जागी होते आणि तो साप समोरच्या वस्तूच्या ठिकाणी भासतो. प्राभाकर मीमांसकांच्या मते चुकीचे ज्ञान असे काही घडतच नाही. समोरचे पाहणे आणि आतली आठवण यांतला भेद त्या क्षणी कळत नाही, इतकेच. दोन्ही पक्षांनी स्मृतीला भ्रमाच्या मुळाशी ठेवले, आणि हेल्महोल्त्झचे अनुमान इथून फार दूर नाही. म्हणून आधुनिक मानसशास्त्र सगळे आपल्याकडे आधीच होते असे म्हणणे मात्र दोन्ही परंपरांवर अन्याय करणारे आहे. दर्शनकारांचे साधन आत्मनिरीक्षण आणि वादविवाद हे होते, त्यांचे ध्येय मुक्ती होते. मोजणी, तुलना, आणि आपले म्हणणे खोटे ठरू शकेल अशी चाचणी मांडणे ही रीत पुढे वेगळ्या ठिकाणी जन्माला आली.

ती रीत रुजली १८७९ साली, लाइपझिगमध्ये विल्हेल्म वुंट यांनी काढलेल्या प्रयोगशाळेत. जाणिवेचे लहानात लहान घटक शोधण्यासाठी तिथे प्रशिक्षित निरीक्षक आपापल्या संवेदनांचे वर्णन करत. हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करकरून विस्मरणाचा आलेख काढला आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेत विल्यम जेम्स यांच्या १८९०च्या ग्रंथाने जाणीव तुकड्यांची नसून वाहती असते, हा विचार रुजवला. व्हिएन्नामध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी मनाचा मोठा भाग मनाच्या मालकालाच ठाऊक नसतो असे सांगून जाणिवेच्या अभ्यासाचा पायाच हलवला. फ्रॉइड यांच्या अनेक सिद्धांतांना पुढे पुरावा मिळाला नाही. पण वागण्यामागची कारणे माणसाला स्वतःला कळतातच असे नाही, ही त्यांची मूळ जाणीव नंतरच्या अनेक पंथांनी या ना त्या रूपात स्वीकारली आहे.

विसाव्या शतकातले मुख्य पंथ एकमेकांवरच्या प्रतिक्रियांतून उभे राहिले. माक्स वेर्टहायमर आणि त्यांचे सहकारी यांच्या समष्टिवादाने १९१२ पासून दाखवून दिले की, मन सुटे घटक जोडत बसत नाही, ते आधी आकृती पकडते. एकामागून एक लागणारे दोन स्थिर दिवे एक सरकता दिवा म्हणून दिसतात ते यामुळेच. जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये जाणिवेचा विषयच विज्ञानाबाहेर काढला आणि दिसणारे वर्तन तेवढे मोजायचे, असा वर्तनवाद मांडला. पावलोव्ह यांचे कुत्रे आणि स्किनर यांची कबुतरे यांच्यावरच्या प्रयोगांतून शिकण्याचे जे नियम मिळाले ते आजही शाळेत, उपचारांत आणि मोबाइलच्या अॅप्समध्ये राबतात. पण भाषा, कल्पना, हेतू यांचा उलगडा त्या नियमांनी होईना. जॉर्ज मिलर यांचा १९५६चा स्मृतीच्या मर्यादेवरचा निबंध, नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये स्किनर यांच्या भाषाविषयक ग्रंथाची केलेली झडती आणि उलरिक नायसर यांचा १९६७चा ग्रंथ, या टप्प्यांनी बोधनाचा म्हणजे जाणणे, आठवणे, विचार करणे या क्रियांचा अभ्यास पुन्हा मध्यभागी आणला. त्याच काळात मॅस्लो आणि रॉजर्स यांचा मानवतावाद माणसाच्या वाढीविषयी बोलत होता. मेंदूची छायाचित्रे घेण्याची तंत्रे नंतर आली. त्यांनी पुष्कळ काही दिले, आणि रंगीत चित्र म्हणजेच स्पष्टीकरण असा गैरसमजही दिला.

भारतात हा विषय लवकर पोचला. कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या नेतृत्वाखाली मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि मतभेदही होते. महाराष्ट्रात हा विषय विद्यापीठाबाहेरच्या संस्थांतून अधिक पसरला. पुण्यात १९६२ मध्ये सुरू झालेल्या ज्ञानप्रबोधिनीने बुद्धीच्या अभ्यासाची सांगड शिक्षणाशी घातली, ठाण्यात १९९० पासून आयपीएच ही संस्था मानसिक आरोग्याचा विषय सर्वसामान्यांपर्यंत नेत आली, आणि इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेचे मोठे केंद्र आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून इथे आणली. घटनेपेक्षा घटनेविषयीचा हट्टी समज माणसाला अधिक छळतो आणि त्या समजाशी वाद घालता येतो, हे तिचे सूत्र. रामदासांनी २०५ श्लोकांत मनालाच समोर बसवून त्याला समजावले होते. त्या श्लोकांवर वाढलेल्या समाजाला स्वतःच्या मनाशी वाद घालण्याची कल्पना परकी वाटली नाही, यात नवल नाही.

स्मृती हा अंदाजाचा कच्चा माल, आणि तीही स्थिर नसते. फ्रेडरिक बार्टलेट यांनी केंब्रिजमध्ये इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि पुन्हा पुन्हा आठवून सांगायला लावली. प्रत्येक वेळी कथा थोडी लहान आणि थोडी अधिक इंग्रजी झाली. अनोळखी तपशील गळाले, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली. बार्टलेट यांनी हे १९३२ मध्ये मांडले. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४चा प्रयोग त्याच्या पुढचा आहे. मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवल्यावर काहींना विचारले, गाड्या 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता. काहींना विचारले, 'धडकून चक्काचूर झाला' तेव्हा किती होता. आठवड्याने सर्वांना एक साधा प्रश्न केला : फुटलेल्या काचा दिसल्या होत्या का? चित्रफितीत काच फुटलेली नव्हती. सौम्य शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जणांनी, आणि जहाल शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी 'हो' म्हटले. प्रश्नातला एक शब्द आठवणीत शिरून तिचा भाग झाला. साक्षीपुराव्याच्या कायद्यावर या निष्कर्षाचा परिणाम झाला. घरगुती भांडणांत 'तू तेव्हा असेच म्हणाला होतास' असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर तो व्हायचा आहे.

वर्तनाकडे वळले की इच्छाशक्ती हा शब्द फार लवकर तोंडात येतो. सवयी २१ दिवसांत लागतात, हे विधान व्याख्यानांत सर्रास ऐकू येते. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजमाप केले तेव्हा एखादी साधी कृती अंगवळणी पडायला लागणारा मध्यम काळ ६६ दिवस निघाला, आणि व्यक्तीनुसार तो १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. अडीचशे दिवस लागणारा माणूस एकविसाव्या दिवशी स्वतःला कमकुवत ठरवून मोकळा होतो, हे त्या खोट्या आकड्याचे खरे नुकसान. सवय ही ठरावीक जागी, ठरावीक वेळी, ठरावीक खुणेला बांधलेली असते. खूण बदलली तर ती सुटते. उदासी आणि कृती यांचा संबंधही लोकसमजाच्या उलट निघाला आहे. मन प्रसन्न झाल्यावर माणूस कामाला लागेल, असे घरचे लोक वाट पाहत असतात. प्रत्यक्षात छोट्या, ठरवून केलेल्या कृतींनी मन हलू लागते. गोव्यातल्या 'संगथ' या संस्थेने याच तत्त्वावर सहा ते आठ भेटींचा उपचार तयार केला. तो देणाऱ्या समुपदेशकांकडे मानसोपचाराची पदवी नव्हती. त्या कामापुरते प्रशिक्षण त्यांना दिलेले होते. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांवर त्याची तपासणी झाली आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तो उपचार परिणामकारक ठरला.

वर्तनाला भोवतालची माणसे किती वाकवतात, याचा सर्वांत गाजलेला प्रयोग स्टॅन्ली मिलग्राम यांचा. प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याला विजेचे झटके देत (ते खोटे होते, देणाऱ्याला हे माहीत नव्हते) ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या कळीपर्यंत गेले. हा आकडा सर्वत्र सांगितला जातो. त्याच मालिकेतला दुसरा आकडा फारसा कुणी सांगत नाही : शेजारी बसलेल्या दोघांनी नकार दिला, तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. माणसाची आज्ञाधारकता सिद्ध करण्यासाठी हा प्रयोग वापरला जातो. नकार देणाऱ्यांची सोबत किती मोलाची असते, हे त्याहून ठळकपणे त्यातच दिसते.

नात्यांचा पाया पहिल्या वर्षा-दोन वर्षांत पडतो, हा जॉन बोल्बी यांचा सिद्धांत. मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग बाल्टिमोरमध्ये आई-बाळांचे निरीक्षण करून त्याला आकार दिला. त्यांच्या पद्धतीत साधारण वर्षाच्या बाळाला अनोळखी खोलीत खेळणी देतात, आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. आई गेल्यावर बाळ किती रडते याला कमी महत्त्व आहे. ती परतल्यावर काय होते ते पाहायचे : धावत जाऊन शांत होते, चिकटते आणि रागानेही ढकलते, की आलीच नाही अशा थाटात खेळण्याकडे वळते? जवळचे माणूस गरजेला उपलब्ध असेल की नाही याविषयी बाळाने बांधलेला अंदाज त्या काही क्षणांत दिसतो. या सिद्धांतावर एक रास्त आक्षेप आहे. तो एक आई आणि एक मूल असलेले घर गृहीत धरतो. आजी, काकू, आत्या, शेजारीण अशा अनेकींच्या कडेवर वाढणाऱ्या मुलांचे काय? सुधीर कक्कर यांनी १९७८च्या आपल्या ग्रंथात भारतीय बालपणाचे चित्र वेगळे काढले, त्याची दखल पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांनी पुरेशी घेतलेली नाही.

मोठेपणी हे अंदाज हेतूंविषयीचे होतात. स्वतःला उशीर झाला की रस्त्यावर गर्दी होती. दुसऱ्याला उशीर झाला की त्याला किंमत नाही. नाखूश जोडप्यांच्या अभ्यासांत असे दिसते की, जोडीदाराची चूक स्वभावाच्या खात्यात जमा होते आणि त्याने केलेली चांगली गोष्ट योगायोगाच्या. अशा हिशेबात कोणताही नवा पुरावा जुना निष्कर्ष बदलू शकत नाही. संवाद वाढवा, हा सल्ला अशा वेळी अपुरा पडतो, कारण बोललेल्या शब्दांचा अर्थही त्याच हिशेबाने लागतो.

सुखाच्या बाबतीत मनाचे अंदाज सर्वांत जास्त चुकतात. डॅनियल काह्नमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक विलक्षण प्रयोग केला. लोकांना एकदा १४ अंश सेल्सिअसच्या बोचऱ्या थंड पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला सांगितला. दुसऱ्या वेळी तसेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यांत पाणी हळूहळू अंशभर कोमट होई. तिसऱ्यांदा यांतले काय करणार, असे विचारल्यावर बहुतेकांनी लांबचा, म्हणजे एकूण अधिक त्रासाचा पर्याय निवडला. आठवण त्रासाची लांबी मोजत नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांवर ती बनते. भोगणारा आणि आठवणारा असे दोघे एकाच माणसात असतात आणि पुढचे निर्णय आठवणारा घेतो, असा काह्नमन यांचा निष्कर्ष होता.

लॉटरी लागलेले लोक काही काळाने इतरांपेक्षा फारसे सुखी नसतात, हा १९७८चा निष्कर्ष सर्वतोमुखी झाला. तो अभ्यास २२ विजेत्यांवरचा होता. अपघाताने अपंगत्व आलेल्यांचे सुख इतरांपेक्षा कमीच होते, हा त्याच अभ्यासातला भाग सांगताना गाळला जातो. मन बऱ्याच गोष्टींना सरावते, सगळ्यांना सरावत नाही. बेकारी आणि गंभीर अपंगत्व यांचा व्रण पुढच्या मोठ्या अभ्यासांत दीर्घकाळ टिकलेला दिसतो. पैशाबाबतही चित्र असेच सुधारत गेले. एका मर्यादेनंतर उत्पन्न वाढूनही रोजचे सुख वाढत नाही, असे काह्नमन यांनी २०१० मध्ये अँगस डीटन यांच्यासोबत मांडले होते. मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांचे आकडे उलट सांगत होते. काह्नमन आणि किलिंग्जवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांना मध्ये घेऊन एकत्र तपासणी केली आणि २०२३ मध्ये संयुक्त निबंध लिहिला : बहुतेकांचे सुख उत्पन्नाबरोबर वाढतच जाते, सर्वांत दुःखी गटाचे मात्र एका टप्प्यावर थांबते. विरोधकांनी मिळून आपापली चूक मोजावी, हे या शास्त्राच्या प्रकृतीचे चांगले लक्षण आहे. १९३८ पासून हार्वर्डमध्ये चालू असलेला आयुष्यभराचा अभ्यास जवळच्या नात्यांना म्हातारपणच्या आरोग्याशी आणि समाधानाशी जोडतो. तो वाचताना सुरुवातीचे सगळे सहभागी गोरे अमेरिकन पुरुष होते, हे ध्यानात ठेवावे लागते.

परिस्थितीचा प्रश्न इथे टाळता येत नाही. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांची एकाच वर्षात दोनदा बौद्धिक चाचणी घेतली गेली, तोडणीआधी हातात पैसा नसताना आणि तोडणीनंतर पैसे मिळाल्यावर. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तोडणीआधीची कामगिरी कमी भरली. माणूस तोच, बुद्धी तीच. कर्जाचा विचार मनाची जागा अडवून बसला होता. निष्कर्षाच्या तपशिलावर वाद झाले, पण दिशा दुर्लक्षिण्याजोगी नाही. विदर्भातल्या कर्जबाजारी शेतकऱ्याला सकारात्मक विचार करण्याचा उपदेश करणे क्रूरपणाचे आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' या प्रकल्पाने वेगळा मार्ग घेतला : गावातल्याच माणसांना प्रशिक्षण, घरोघरी बोलणे, गरज पडली तर डॉक्टर. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

हा विषय आज निकडीचा आहे तो यामुळे. निम्हान्स या संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्क्यांना पाहणीच्या वेळी मानसिक विकार आढळला, आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना होते. पाहणीतल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणून इथले चित्र वेगळे असेल असे मानायला आधार नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क मानला आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई', 'अस्तु' आणि 'कासव' या चित्रपटांनी स्किझोफ्रेनिया, स्मृतिभ्रंश आणि नैराश्य मराठी घरांत चर्चेला आणले. तरीही 'याला ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला जागा बघा' ही वाक्ये अजून थट्टेत वापरली जातात आणि ती ऐकणारा आजारी माणूस गप्प बसतो. दुसरीकडे लक्ष वेधून ठेवणे हाच धंदा असलेली यंत्रे प्रत्येकाच्या खिशात आहेत, आणि मन कसे चालते याचे ज्ञान ती बनवणाऱ्यांकडे वापरणाऱ्यांपेक्षा जास्त आहे.

या शास्त्राचे दोष झाकून त्याची ओळख करून देणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध प्रयोग पुन्हा करून पाहिले तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत सांख्यिकीदृष्ट्या ठोस परिणाम पुन्हा मिळाला. १९७१चा स्टॅनफर्डचा तुरुंग-प्रयोग आज आधार म्हणून देण्याजोगा उरलेला नाही. पहारेकऱ्यांना कठोर वागण्याच्या सूचना होत्या, असे पुढे उघड झाले. २०१० मध्ये जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, 'मानवी मन' म्हणून सांगितलेले पुष्कळसे निष्कर्ष पाश्चात्त्य, सुशिक्षित, सधन समाजांतल्या लोकांवरचे आहेत. दोन समान रेषांना आत-बाहेर वळलेली टोके जोडली की त्या लहान-मोठ्या दिसतात, हा म्युलर-लायर भ्रमसुद्धा सर्व समाजांत सारख्या तीव्रतेने आढळत नाही, हे १९६६ मध्येच माहीत झाले होते.

प्रस्तुत पुस्तक या सगळ्या पसाऱ्यातून एक वाट आखते. मानसशास्त्र प्रथमच वाचणारा, शिक्षक, पालक, परिचारिका, आशा कार्यकर्ती, समाजकार्याचा विद्यार्थी असा वाचक त्यात डोळ्यांपुढे आहे. प्रत्येक महत्त्वाच्या दाव्यासोबत तो कशावर उभा आहे हे सांगितले आहे : किती लोकांवर, कोणत्या समाजात, पुन्हा तपासला गेला की नाही. भारतीय अभ्यास उपलब्ध आहेत तिथे त्यांना अग्रक्रम दिला आहे, पण भारतीय असल्यामुळे कच्चा पुरावा पक्का मानलेला नाही. दर्शनांतले विचार विचार म्हणून आणि प्रयोगांचे निष्कर्ष निष्कर्ष म्हणून वेगळे ठेवले आहेत. परिभाषा शक्यतो अभ्यासक्रमातली घेतली आहे. जिथे ती अडते तिथे रोजचा शब्द वापरला आहे. वाचकाला घरी करून पाहता येतील असे छोटे प्रयोग जागोजागी आहेत, आणि क्रम सोडून कोणताही भाग आधी वाचला तरी चालेल.

हे पुस्तक उपचाराचे नाही. औषधे, निदान आणि गंभीर विकारांचा तपशील त्यात जाणीवपूर्वक घेतलेला नाही. वाचताना स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या त्रासाची खूण पटली, झोप उडाली असेल, जगण्यात रस उरला नसेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते.